निपाणीजवळच्या जुन्या वखारीतली डिझेलची टाकी उकरून काढायची आहे. माती कुठं आणि कशी तपासायची?

तंबाखूवखार
९ मार्च

नमस्कार मंडळी. निपाणीच्या अलीकडं, हायवेपासून जरा आत आमची जुनी वखार आहे. आज्जांचे पाच ट्रक होते, तंबाखू वाहायचे. त्या ट्रकांसाठी दारातच जमिनीखाली दहा हजार लिटरची डिझेलची टाकी पुरलेली. ८१ च्या तंबाखू आंदोलनात हायवे अडला तेव्हा ट्रक दारात उभे आणि टाकी काठोकाठ भरलेली, हे आज्जी अजून सांगते. ट्रक विकून वीस वर्षं झाली. टाकी तशीच आहे.

आता धाकट्या चुलत्यांना त्या जागी घर बांधायचंय. काल भंगारवाला येऊन बघून गेला. म्हणाला, "जेसीबी माझा, गॅसकटर माझा, दोन तासांत तुकडे करून नेतो, वर तुम्हालाच पैसे देतो." चुलते खूश. मला मात्र टाकीपासून चाळीस फुटांवर असलेली विहीर दिसते. त्या विहिरीचं पाणी आम्ही पितो.

टाकीतलं तेल मोजायची डीप पट्टी सोडून बघितली. तळाशी चार बोटं काहीतरी काळं आहे. काय करावं?

उद्यमबागवाला
९ मार्च

पहिलं काम, त्या भंगारवाल्याला फोन करून सांगा की येऊ नकोस. बाकीचं सावकाश बोलू.

मी फाउंड्रीत सुरक्षेचं बघतो. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट. भरलेल्या टाकीत वाफेला जागा नसते, रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा दोन्ही असतात. त्यात गॅसकटर लावायचा म्हणजे काय, ते तुम्हीच समजा की.

हुक्केरीअण्णा
१० मार्च

उगीच घाबरवू नका ओ. डिझेल आहे ते, पेट्रोल नव्हे. डिझेलच्या डब्यात पेटती काडी टाका, विझते. आमच्या ट्रॅक्टरच्या टाक्या आम्ही वेल्डिंग करून घेतोच की. आणि काढायची तरी कशाला? वाळू भरा, वर काँक्रीट घाला, विषय संपला.

उद्यमबागवाला
१० मार्च

अण्णा, काडी विझते हे खरं. थंड डिझेलवर पेट घेण्याइतकी वाफच नसते. आपल्याकडच्या डिझेलचा ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला वर पेटण्याइतकी वाफ जमते तो, किमान ३५ अंश धरलेला असतो. पण कटर काय करतो? पत्रा लाल करतो. त्या पत्र्याच्या आतल्या अंगाला वीस वर्षांचा चिखल चिकटलेला आहे. तो तापला की त्याची वाफ होते, टाकी त्या वाफेनं भरते, आणि कटरची ज्योत तिथंच असते. काडी आणि कटर यांत एवढाच फरक. त्यात जुन्या टाकीत कधीकाळी पेट्रोल ठेवलं नव्हतं याची खात्री कोण देणार? पेट्रोलच्या वाफेला हवेत दीड टक्क्याच्या आसपास प्रमाण पुरतं. ती हवेपेक्षा जड असते, खड्ड्यात बसून राहते, वरून वास येत नाही.

ट्रॅक्टरच्या टाकीचं म्हणाल तर आजवर नशीब चांगलं आहे तुमचं. पुढच्या वेळी निदान पाणी भरून तरी करा.

वाळू भरण्याचा पर्याय आहे, नाही असं नाही. वर इमारत असेल आणि टाकी काढता येतच नसेल तर साफ करून, आत वाळू किंवा पातळ काँक्रीट भरून जागेवर बंद करतात. पण साफ तेव्हाही करावी लागते आणि माती तेव्हाही तपासावी लागते. इथं तर वर घर उठणार आहे.

तंबाखूवखार
१० मार्च

भंगारवाल्याला थांबवलं. चुलते माझ्याशी बोलत नाहीयेत. आता पुढं?

उद्यमबागवाला
११ मार्च

आधी कागद शोधा. डिझेल एका जागी २,५०० लिटरपर्यंत, आणि एकही भांडं १,००० लिटरच्या वर नसेल, तर परवाना लागत नाही. तुमची टाकी दहा हजाराची, म्हणजे आज्जांनी परवाना काढलेलाच असणार. नागपूरच्या विस्फोटक खात्याचा, ज्याला आता पेसो म्हणतात. तो कुठल्या नावावर आहे, शेवटचं नूतनीकरण कधीचं, बघा. टाकी निघाल्यावर तोही रीतसर बंद करून घ्यावा लागतो.

कामाचा क्रम असा असतो: उरलेलं तेल हातपंपानं किंवा ज्वालारोधक पंपानं उपसायचं. पाइप सोडवून तोंडं बंद करायची. मग आतला ऑक्सिजन घालवायचा. नायट्रोजन हा आपल्याकडं सोपा मार्ग, वेल्डिंगचे गॅस विकणाऱ्यांकडं मिळतो. मोठ्या सिलिंडरात साधारण ७ घनमीटर वायू असतो, तुमची टाकी १० घनमीटरची, म्हणजे दोन-तीन सिलिंडर धरा. कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, मिळाला तर तोही चालतो, हजार लिटरला पावणेदोन-दोन किलो.

आता एक गोष्ट, जी आमच्यातल्या जुन्या लोकांनाही माहीत नसते. नायट्रोजन भरलेल्या टाकीत साधा गॅसमीटर सोडला तर तो शून्याच्या जवळ दाखवतो आणि लोक म्हणतात, "बघा, गॅसच नाही." तो मीटर आतल्या आत वाफ जाळून मोजतो, त्याला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजनमध्ये त्याचं काही खरं नाही. तिथं ऑक्सिजनचा आकडा बघायचा, तो ८ टक्क्यांच्या खाली हवा. वर, मध्ये, तळाला, तिन्हीकडं.

आणि त्या टाकीत कुणीही डोकं घालायचं नाही. नायट्रोजनला वास नसतो. माणूस दोन श्वासांत पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो.

भूजलकन्या
११ मार्च

वर टाकीबद्दल सगळं आलंय. मी मातीबद्दल बोलते. माझं माहेर शहापूरचं, काम भूजलाचं, त्यामुळं असले खड्डे बरेच बघितलेत.

तंबाखूवखार दादा, तुमच्याकडं वर काळी माती आणि खाली मुरूम असणार. काळी माती तेल धरून ठेवते, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्या भेगांतून तेल सरळ मुरमापर्यंत उतरतं. मुरमात ते अडत नाही, उताराच्या बाजूला धावतं. म्हणून तीन गोष्टी आत्ताच सांगा: ओढा कुठल्या अंगाला आहे, विहीर ओढ्याच्या बाजूला आहे की वरच्या बाजूला, आणि पावसाळ्यात विहिरीचं पाणी किती वर येतं?

तंबाखूवखार
१२ मार्च

ताई, ओढा पश्चिमेला. विहीर दक्षिणेला, म्हणजे ना धड वर ना धड खाली. पावसाळ्यात पाणी दोन पुरुष वर येतं, ऑगस्टमध्ये तर काठावर बसून हात बुडवता येतो.

भूजलकन्या
१२ मार्च

मग हे काम मेच्या आत संपवा. ऑगस्टमध्ये विहिरीत हात बुडत असेल तर टाकीचं बूडही पाण्यातच असतं. दहा हजार लिटरची रिकामी टाकी पूर्ण पाण्याखाली गेली तर पाणी तिला दहा टनांच्या जोरानं वर ढकलतं. टाकीचं स्वतःचं वजन सव्वा टनाच्या आसपास. वरचा भराव आहे म्हणून ती बसून आहे. अर्धवट उकरून पावसाळा लागला तर टाकी होडीसारखी वर येईल आणि येताना पाइप मोडून घेईल.

खानापूरचा जांभा
१२ मार्च

मध्येच विचारतो, माफ करा. आमच्या विहिरीवर दर वर्षी इंद्रधनुष्यासारखा तवंग येतो. शेजारी एक बंद पेट्रोल पंप आहे. हे पेट्रोल असेल का?

भूजलकन्या
१३ मार्च

काडी घेऊन तवंग ढवळा. तो पापुद्र्यासारखा तुटला, तुकडे वेगळेच राहिले, तर ते लोहजिवाणूंचं काम. तुमच्याकडं जांभ्यात लोह भरपूर, हे फार दिसतं. तवंग फाटून परत मिळून आला तर तेल. ही घरगुती पारख आहे, प्रयोगशाळेला पर्याय नाही. आणि पंप जुना असेल तर शिसंही तपासायला सांगा. आपल्याकडं शिशाचं पेट्रोल देशभर २००० साली बंद झालं, त्याआधी सांडलेलं शिसं मातीतून कुठं जात नाही.

खानापूरचा जांभा
१३ मार्च

पापुद्रा तुटला. जीव भांड्यात पडला. चाचणी तरीही करून घेतो.

हुक्केरीअण्णा
१५ मार्च

माती तपासायची तर कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात द्या की. आम्ही दर दोन वर्षांनी देतो. फुकटात होतं.

भूजलकन्या
१५ मार्च

अण्णा, तिथं नत्र, स्फुरद, पालाश, सामू बघतात. पिकासाठी ते बरोबरच आहे. पण तेलाच्या तपासणीत सगळं उलटं असतं, आणि शेतकरी माणूस इथंच चुकतो, म्हणून जरा लांबण लावते.

शेताची माती घेताना आपण दहा ठिकाणची माती गोळा करतो, गोणपाटावर मिसळतो, चार भाग करून दोन टाकतो, सावलीत वाळवतो आणि कापडी पिशवीत घालतो. तेलाची माती अशी घेतली तर तपासायचं ते सगळं उडून जातं. तेलातली बेंझीन, टोल्युइन, इथाइलबेंझीन, झायलीन ही चारही वाऱ्यावर जाणारी. म्हणून इथं मिसळायचं नाही, वाळवायचं नाही, हाताळायचंही नाही. नवे हातमोजे घालून, आत्ताच उघड्या पडलेल्या मातीतून, काचेच्या बरणीत गच्च दाबून भरायची, वर हवेला जागा ठेवायची नाही. झाकणाला आतून टेफ्लॉनचं अस्तर हवं. लगेच बर्फाच्या पेटीत. बरणीवर जागा, खोली, वेळ. सोबत कागद, नमुना कुणी घेतला, कुणाच्या हातात दिला.

कुठून घ्यायचा ते टाकी उचलल्यावर खड्डा बघून ठरतं, पण इतके तरी हवेतच: टाकीच्या दोन्ही टोकांखालून एकेक, तेल भरायच्या नळीच्या बरोबर खालून एक, चारही भिंतींतून एकेक, पाइप जिथून जात होते त्या चरातून. आणि एक टाकीपासून लांब, ओढ्याच्या उलट्या अंगाला, जिथं डिझेल कधी गेलेलंच नाही. हा शेवटचा नमुना लोक पैसे वाचवायला गाळतात आणि मग आकडा कशाशी ताडायचा ते कळत नाही. काळ्या मातीत मुळातच सेंद्रिय अंश असतो, तोही कधीकधी तेलाच्या आकड्यात मिसळून येतो. प्रयोगशाळेला सिलिका जेलची सफाई करून द्यायला सांगा.

डिझेलसाठी मुख्य आकडा टीपीएचचा, म्हणजे एकूण खनिज तेलाचा. त्याच्या जोडीला नॅप्थलीन आणि त्याची भावंडं. प्रयोगशाळेला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, मान्यता आहे एवढंच बघू नका, ती नेमकी याच चाचण्यांसाठी आहे का ते यादीत बघा.

तंबाखूवखार
११ एप्रिल

मध्ये महिना गेला. परवान्याचा कागद मिळाला, आज्जींच्या ट्रंकेत लुगड्याच्या घडीत. पत्ता चिकोडी तालुक्याचा, कारण निपाणी तालुका व्हायचा होता अजून. एक एजन्सी ठरवली, त्यांच्यासोबत गॅसमुक्तीचा, म्हणजे आत पेटणारी वाफ उरली नाही असा, दाखला देणारा माणूस येणार. प्रदूषण मंडळाच्या बेळगावच्या कचेरीत अर्ज दिला. कन्नडमध्ये लिहायचा होता, शेजारच्या मास्तरांनी लिहून दिला.

काल काम झालं. तळाचा चिखल तीन पिंपं निघाला.

उद्यमबागवाला
११ एप्रिल

ती पिंपं शेताच्या बांधावर उलटी करू नका. तेलाच्या टाकीचा चिखल घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत थेट पहिल्या अनुसूचीत आहे. झाकण लावून, नाव लिहून सावलीत ठेवा, मंडळाची परवानगी असलेल्या उचलणाऱ्यालाच द्या आणि पावती जपा. टाकी कापली कशी?

तंबाखूवखार
११ एप्रिल

गॅसकटर नाही. हवेवर चालणारी कातरी आणली होती, ठिणगी न उडणारी. दिवस गेला पण शांतपणे झालं. चुलते खुर्ची टाकून बघत होते.

आता मुख्य गोष्ट. टाकीला एकही भोक नाही! खडबडीत झाली होती, गंज होता, पण वाजवून बघितली, उजेड धरून बघितला, कुठं काही नाही.

हुक्केरीअण्णा
११ एप्रिल

मग झालं की. भोक नाही म्हणजे गळती नाही. खड्डा बुजवा आणि पाया काढा. उगीच प्रयोगशाळेला पैसे कशाला?

तंबाखूवखार
१२ एप्रिल

अण्णा, मीही क्षणभर तेच म्हटलं. पण खड्ड्याच्या पूर्वेकडच्या टोकाला मुरूम हिरवट-काळा दिसतो आणि उन्हात वास येतो. ती नळीची बाजू.

भूजलकन्या
१२ एप्रिल

नळीची बाजू म्हटल्यावर मला नवल वाटत नाही. टाक्या फुटून जितकं तेल जातं त्याहून जास्त भरताना सांडून आणि पाइपच्या जोडातून जातं. टँकरची नळी काढताना दर खेपेला दोन-चार लिटर. वर्षाला किती खेपा, आणि किती वर्षं, हिशोब तुमच्या आज्जींना विचारा. नमुने घेतले का?

तंबाखूवखार
१२ एप्रिल

घेतले. म्हणजे एजन्सीच्या पोरानं घेतले. आणि इथं मी चुकलो. मी ट्रॅक्टर आणायला गेलो होतो. परत आलो तर त्यानं सगळ्या खड्ड्यातली माती एका घमेल्यात कालवून दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरली होती, आणि पिशव्या जीपच्या डॅशबोर्डवर. उन्हात. मी म्हटलं हे काय, तर म्हणतो, "आम्ही असंच देतो साहेब, रिपोर्ट चांगला येतो."

रिपोर्ट चांगला येणारच!

उद्यमबागवाला
१२ एप्रिल

हे वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

भूजलकन्या
१३ एप्रिल

त्या पिशव्या फेकून द्या. भिंती दोन दिवस उघड्या आहेत, म्हणून अर्धा फूट खरवडून आतली ताजी माती घ्या. प्रयोगशाळेकडूनच बरण्या मागवा, त्या धुतलेल्या येतात. आणि विहिरीचं पाणी त्याच दिवशी घ्या, छोट्या काचेच्या कुप्यांत, उलटी केल्यावर बुडबुडा दिसता कामा नये. वळीव कधीही येईल, खड्ड्यावर ताडपत्री टाका आणि भोवती मातीचा बांध घाला.

तंबाखूवखार
१९ एप्रिल

वळीव आलाच. ताडपत्री होती म्हणून वाचलो. नमुने गेले, या वेळी मी स्वतः उभा होतो.

तंबाखूवखार
६ मे

निकाल आले. टीपीएच, मिलिग्रॅम दर किलोला:

लांबचा कोरा नमुना: ६०
टाकीखाली पश्चिम टोक: ३१०
टाकीखाली पूर्व टोक, नळीखाली: ७,४००
भिंती, उत्तर आणि दक्षिण: शंभर-सव्वाशे
भिंत पूर्व: २,१००
भिंत पश्चिम, ओढ्याकडची: १,९००
पाइपचा चर: ८८०

बेंझीन कुठंच नाही. विहिरीतही काही सापडलं नाही. ताई, ७,४०० म्हणजे किती वाईट?

भूजलकन्या
६ मे

विहिरीचं वाचून बरं वाटलं. बेंझीन डिझेलमध्ये मुळातच कमी असतं, वर वीस वर्षं झालेली, त्यामुळं ते अपेक्षित होतं.

आपल्याकडं सल्लागार मंडळी बरीच वर्षं हॉलंडच्या आकड्यांशी ताडत आलीत. त्यात खनिज तेलाला ५,००० च्या वर गेलं की हात घालायलाच हवा, असं मानतात. केंद्रानंही २०२५ च्या जुलैत दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढलेत, मंडळाकडं त्यांचंच बोट धरून विचारा. पण तुमच्या बाबतीत आकड्यापेक्षा जागा महत्त्वाची. वर घर, शेजारी पिण्याची विहीर. मी असते तर ७,४०० वालं तर काढलंच असतं, पण मला जास्त खटकतो तो पश्चिमेचा १,९००. टाकीच्या त्या टोकाखाली ३१० आणि भिंतीत १,९००, म्हणजे तेल टाकीवरून नाही, मुरमाच्या थरातून बाजूनं ओढ्याकडं गेलंय. तिथं भिंत आत सरकवत जा, हिरवट रंग आणि वास संपेपर्यंत, आणि मग परत नमुना.

हुक्केरीअण्णा
७ मे

मान्य, भोक नसताना एवढं असेल असं वाटलं नव्हतं. निघालेली माती वीटभट्टीला द्या, जळून जाईल.

उद्यमबागवाला
७ मे

अण्णा, तुम्ही काही सुधारणार नाही! भट्टीवाल्याला सांगून देणार का न सांगता? आणि धूर कुणाच्या घरात?

भूजलकन्या
७ मे

भट्टी नको, रस्त्याचा भराव नको, शेत तर नकोच. मंडळाला लेखी विचारा. डिझेलच्या मातीला एक चांगला मार्ग असतो: जाड प्लॅस्टिकवर ढीग, वर झाकण, ओल राखायची, थोडं नत्र-स्फुरद घालायचं, दर पंधरा दिवसांनी उलथायचं. मातीतले जिवाणूच डिझेल खातात. काही महिने जातात, पण आकडा खाली येतो. नत्र-स्फुरद म्हटल्यावर अण्णांचं रयत संपर्क केंद्र इथं उपयोगी पडलं बघा. पावसाचं पाणी ढिगातून वाहून ओढ्यात जाता कामा नये, एवढं मात्र सांभाळा.

तंबाखूवखार
२९ मे

पूर्वेला आणखी दोन फूट खाली आणि पश्चिमेला सहा फूट आत गेलो. तिथं कच्चा दगड लागला, वास संपला. परत घेतलेले नमुने: पूर्वेला २४०, पश्चिमेला १८०. मंडळाच्या माणसानं येऊन बघितलं, ढिगाला लेखी होकार दिला, सहा महिन्यांनी परत तपासायच्या अटीवर. खड्डा बाहेरून आणलेल्या स्वच्छ मुरमानं थराथरानं भरला. चुलत्यांनी पाया दिवाळीनंतर काढायचं ठरवलंय, विहिरीचा दुसरा नमुना पावसाळ्याच्या शेवटी, पाणी उतरायला लागल्यावर घेणार.

आज्जींना खेपांचा हिशोब विचारला. म्हणाल्या, "सांडायचं रे, पण तुझा आज्जा त्यावर माती टाकायचा." वाक्य साधंच, पण सगळा धागा त्यात आला.

डीप पट्टी पितळी आहे, भंगारवाल्याला दिली नाही.

हुक्केरीअण्णा
३० मे

किती गेले एकूण, ते सांगा. बाकीचं सगळं वाचलं.

तंबाखूवखार
३० मे

तुम्हाला फोनवर सांगतो अण्णा. चुलतेपण वाचतात इथं.

मच्छेकर
२ जून

छान धागा. आमच्या कारखान्यात फर्नेस ऑइलची पंधरा हजार लिटरची जुनी टाकी आहे, तीही याच पद्धतीनं काढता येईल का?

भूजलकन्या
२ जून

फर्नेस ऑइल घट्ट, त्याचे नमुनेही वेगळे आणि ढिगात ते लवकर खालीही येत नाही. नवा धागा काढा की. इथं मिसळू नका.